बसऱ्याला गेलेल्या माणसाचे डोळे

उईके बाईंनी मला सातवीत असताना पानिपतावर ठार मारलं.

त्यांची शिकवायची पद्धतच तशी होती. लढाईचा धडा आला की बाई पुस्तक मिटायच्या, वर्गावरून नजर फिरवायच्या आणि एकाला उभं करायच्या. "नाव सांग. तुझं नाही, शिपायाचं." आपण सुचेल ते नाव सांगायचं. "गाव?" गाव सांगायचं. "घरी कोण कोण?" इथे वर्ग हसायला लागायचा, कारण उभा राहिलेला मुलगा बायकोचं नाव सांगताना हमखास अडायचा. बाई हसायच्या नाहीत. पायात काय आहे, काल काय खाल्लं, थंडीला पांघरायला काय आणलंस, सगळं खोदून विचारायच्या. मग फळ्याकडे वळून लढाई सांगायला लागायच्या. तोफा, घोडदळ, चढलेलं ऊन. आणि मध्येच, वाक्य न तोडता, मागे वळून न बघता म्हणायच्या, "मेला. बस खाली."

त्यानंतर तास संपेपर्यंत त्या पोरानं तोंड उघडायचं नाही. उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही. "मेलेला माणूस उत्तर देत नाही," एवढंच त्याचं स्पष्टीकरण.

मी त्या दिवशी सखाराम होते. गाव केळझर, घरी म्हातारी आई आणि एक गाभण गाय. लढाईला तोंड फुटलं आणि मी मेले. उरलेला तास मी बाकावर गप्प बसून होते. बाई एकामागून एक प्रश्न विचारत होत्या आणि मला सगळ्यांची उत्तरं येत होती. पण माझ्या डोक्यात एकच होतं, ती गाय व्याली की तिचं दूध आता कोण काढणार. तास संपल्यावर मी बाईंना म्हणाले, "बाई, हे बरोबर नाही." बाई म्हणाल्या, "नाहीच आहे." आणि खडूची पेटी उचलून निघून गेल्या.

माझ्या घरात रागाची टंचाई नव्हती. वडील चळवळीतले. आमच्याकडे पत्रकांचे गठ्ठे धान्याच्या पोत्यांशेजारी रचलेले असायचे. माझ्या वह्यापुस्तकांना कव्हरं पत्रकांची, फळीवर डब्यांखाली अंथरलेला कागद पत्रकांचा. मला बाराखडी पुरती यायच्या आधी 'निषेध' वाचता येत होता. पण त्या पत्रकांतली माणसं नेहमी लाखांनी असायची. लाखो श्रमिक, लाखो भूमिहीन. एका माणसासाठी राग कसा करायचा हे मला त्या तासाला कळलं.

बाई ठेंगण्या होत्या. रंग पिकल्या जांभळासारखा. सुती पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि पर्समध्ये फुटाण्यांची पुडी, जी त्या मधल्या सुट्टीत उभ्याउभ्या संपवायच्या. 'इत्यादी' या शब्दाशी त्यांचं हाडवैर होतं. उत्तरपत्रिकेत कुणी 'कुणबी, तेली, गोंड इत्यादी लोक' असं लिहिलं की त्या शब्दावर लाल गोल व्हायचा आणि शेजारी प्रश्न: 'म्हणजे कोण?' त्यांच्या वडिलांना एका सरकारी कागदावर 'व इतर' असं नोंदवलेलं होतं, असं नंतर कधीतरी काकांनी सांगितलं. काका म्हणजे बाईंचे यजमान. बसचे कंडक्टर. उंच, सैल, सतत गमती करणारे. वर्गात प्रमाण मराठीत बोलणाऱ्या बाई घराच्या दारात चप्पल काढता काढता वऱ्हाडीत शिरायच्या, आणि तिथून पुढे दोघांची जी जुगलबंदी चालायची ती ऐकायला मी कॉलेजात गेल्यावरही पिपरी मेघे या गावातल्या त्यांच्या घरी जात राहिले.

एकदा मी पत्रक घेऊन गेले होते. आमच्या गावाजवळच्या एका टोल्यावरची, म्हणजे लहानशा वस्तीवरची, शाळा पटसंख्या कमी म्हणून बंद करायचं घाटत होतं. मी रात्रभर जागून पत्रक लिहिलं होतं. त्याचं पहिलं वाक्य मला फार आवडलं होतं: 'हजारो कोवळ्या जिवांचं भविष्य अंधाराच्या खाईत लोटलं जात आहे!'

बाईंनी चष्मा लावून ते वाचलं.

"त्या शाळेत हजारो पोरं आहेत?"

"नाही बाई, पण राज्यभरातल्या सगळ्या शाळा मिळून..."

"मी या शाळेचं विचारून राह्यली."

काका आतून ओरडले, "अवं, राहू दे ना! पत्रकात थोडं फुगवाच लागते. पोळी बी फुगली तं चांगली लागते."

"तुमी तुमची पोळी पाहा," बाई म्हणाल्या, आणि मला घेऊन दुसऱ्या दिवशी त्या टोल्यावर गेल्या. प्रत्येक मुलाचं नाव, त्याला काय आवडतं, नव्या शाळेत जायला त्याला कुठला नाला ओलांडावा लागेल, असं सगळं आम्ही विचारून आलो. पत्रकात फक्त तेवढंच छापलं. एकही उद्गारचिन्ह नव्हतं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं पत्रक. ते आम्ही शिक्षणखात्याच्या साहेबांच्या टेबलापर्यंत नेलं. साहेबांनी वाचलं, चांगलं लिहिलंय म्हणाले. आणि शाळा बंद झाली. कुलूप लागलं त्या दिवशी मी दगड उचलला होता. बाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि बराच वेळ स्वतःच्याच हातात धरून उभ्या राहिल्या. टाकला नाही, ठेवलाही नाही.

तेव्हाच मी पाहिलं. त्यांचा उजवा हात दगडासकट हलत होता. मला वाटलं संताप.

तो संताप नव्हता. निवृत्तीच्या सुमारास त्यांचं अक्षर बारीक होत गेलं, मुंग्यांची रांग जावी तसं. मग चहाचा कप बशीत वाजू लागला. सेवाग्रामला दवाखान्यात दाखवलं. कंपवात निघाला. डॉक्टर भला माणूस होता, त्याने सगळं नीट समजावून सांगितलं: औषधाने ताब्यात राहील, बरा होणार नाही, हळूहळू वाढेल. परत येताना ऑटोत बाई उजव्या हाताकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टरनं मले सांगतलं. याले कोन सांगन?"

काकांनी काहीतरी गंमत करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात नागपूरला एका सभागृहात धातूच्या रंगवलेल्या छोट्या पुतळ्यांचं प्रदर्शन होतं. इतिहासातले सैनिक, राजे, सेनापती. काचेच्या कपाटात करंगळीपेक्षा जरा मोठी माणसं, प्रत्येकाच्या गुंड्या, पट्टे, मिशा वेगळ्या रंगवलेल्या. हा छंद असतो हेच मला माहीत नव्हतं. मला तर ते सगळं खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसांचं खेळणं वाटलं, आणि तसं मी मोठ्याने म्हणालेही. बाई मात्र प्रत्येक कपाटापुढे वाकून वाकून बघत होत्या. शेवटी त्यांनी प्रदर्शन मांडणाऱ्या गृहस्थांना विचारलं, "यात ओझं वाहणारा कोणीच नाही?"

ते गृहस्थ वयस्क होते, सभ्य होते. जरा ओशाळून म्हणाले, "तसे फारसे कुणी बनवत नाही हो, मॅडम. घेणारे नसतात."

"मी आहे ना."

ही गोष्ट हसण्यावारी जायची, पण बाईंनी त्यांना सोमाची हकिकत सांगितली. ती मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. सोमा म्हणजे बाईंच्या आजोबांचे वडील. पहिल्या महायुद्धात त्यांना फौजेच्या खेचरांमागे नेलं. घरच्यांना कळलं ते इतकंच की ते 'बसऱ्याले गेलते', म्हणजे इराकातल्या बसऱ्याला. परत आले नाहीत. मेले असंही कुणी येऊन सांगितलं नाही. बाईंच्या गोंड घरात माणूस गेला की विधी करून त्याला घरच्या थोरल्या देवांत मिळवतात. सोमाला कुणी मिळवलं नाही. मेल्याचा निरोप नाही, तर कसं मिळवणार? फोटो नाही, कपडा नाही, वहाण नाही. बाईंचे वडील सणाच्या दिवशी एक पान दाराबाहेर वाढून ठेवायचे, आणि ते कुत्रं खायचं.

काही महिन्यांनी नागपूरच्या त्या गृहस्थांचा फोन आला. परदेशातला कुणी एक छोटा कारागीर त्या युद्धातला हिंदुस्थानी खेचरवाला धातूत ओततो म्हणे. त्यांनी मागवून पाठवला.

डबा उघडला तेव्हा मी तिथे होते. राखाडी धातूचा, अंगावर रंगाचा थेंब नसलेला माणूस. डोक्याला फेटा, गुडघ्यापर्यंत पट्ट्या, एका हातात दोर. दोराच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही.

"खच्चर कुठं हाय याचं?" काकांनी विचारलं.

"थे येगळं घ्या लागते म्हणतात."

"म्हणजे इथं बी त्याले एकट्यालेच पाठवलं."

बाईंनी तो तळहातावर घेतला. तळहात थरथरत होता, त्यामुळे तो माणूस चालत असल्यासारखा दिसला. त्या म्हणाल्या, "हा मी रंगवीन. माह्याच हातानं. हात आहे तोवर." बाईंनी आयुष्यात नकाशे सोडून काही रंगवलं नव्हतं.

आणि पहिल्याच पायरीवर घात झाला. नागपूरच्या गृहस्थांनी सांगितलं होतं, रंगवण्याआधी मूर्ती धुऊन घ्या, ओतकामाचा तेलकटपणा जातो. साबणाचं पाणी असं त्यांना सांगावंसं वाटलं नाही. आणि आपल्याकडे धातू धुवायचा म्हणजे काय करतात? बाईंनी पितळेच्या गडव्यांसोबत सोमालाही चिंच आणि राखेनं घासून काढला. तो धातू मऊ. नाकाचा शेंडा गेला, मिशी सपाट झाली, सदऱ्याच्या गुंड्या गुळगुळीत. फोनवर हे ऐकून नागपूरचे गृहस्थ रडकुंडीला आले. दुसरा मागवतो म्हणाले.

बाईंनी मूर्ती उजेडात धरून नीट पाहिली. "नोको. पहिले याचं नाक लयच सरळ होतं. आमच्या घरात इतकं सरळ नाक कोनाचंच नाई. आता हा आमचा दिसते."

मग रंग. डब्यावरच्या चित्रातला खेचरवाला म्हणजे उन्हात जरा भाजलेला गोरा साहेबच होता. सोबतच्या कागदावर कातडीसाठी कोणकोणत्या बाटल्या मिसळायच्या ते दिलं होतं. बाईंनी तो कागद बाजूला ठेवला आणि काकांना बोलावलं. काकांचा रंग हुबेहूब बाईंच्या वडिलांसारखा. काकांनी बाही वर करून टेबलावर हात पसरायचा आणि बाई त्यावर एकेक मिश्रणाचा ठिपका द्यायच्या. ठिपका उठून दिसला की रंग चुकला. ठिपका हाताच्या कातडीत हरवला की रंग बरोबर.

"मी का पाटी आहो तुही?" काका कुरकुरायचे.

"हलू नका."

"हलून तूच राह्यली, मी कुठं हलून राह्यलो!"

त्यावर बाई इतक्या हसल्या की ब्रश खाली ठेवावा लागला. काका हातावर तपकिरी ठिपक्यांची माळ घेऊन बाजारात जायचे आणि भाजीवालीने विचारलं तर सांगायचे, "बायको रंग शोधून राह्यली. लगन होऊन इतकी वर्सं झाली, आता तिले माहा रंग पाह्यचा आहे." एका दुपारी एक ठिपका खरोखर हरवला. बाई बोटाने चाचपून शोधत होत्या, कुठे दिला होता ते सापडेना. त्या दिवशी त्या घरात सण होता.

पुढचे महिने मात्र मला लिहवत नाहीत. पण लिहिते, कारण बाईंचं पान दाराबाहेर वाढून ठेवायची माझी इच्छा नाही.

गोळी घेतल्यावर काही वेळाने त्यांचा हात शांत व्हायचा. "आला," असं त्या हळूच म्हणायच्या. कुणाला सांगितल्यासारखं नाही, पाखरू खिडकीत येऊन बसल्यावर म्हणतात तसं. मूर्ती औषधाच्या रिकाम्या बाटलीवर चिकटवलेली. डाव्या हातात बाटली, उजव्यात ब्रश, दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवलेली. हात शांत आहे तोवर त्या रंगवायच्या. ओठ हलत असायचे. सोमाशी गोंडीत बोलायच्या. मला त्यातलं काही कळायचं नाही आणि मी काकांना विचारलंही नाही. मग अचानक, बोलता बोलता वीज जावी तशी, थरथर परत यायची. ब्रश उचलायला वेळ मिळाला तर बरं. नाही मिळाला तर चढवलेल्या रंगावर रेघ. मग ते पुसायचं, वाळू द्यायचं, पुन्हा गोळीची वेळ होईपर्यंत बसून राहायचं.

पट्ट्या झाल्या. फेटा झाला. दोर झाला. पण पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत ती शांत वेळ आखडत गेली. सुरुवातीला त्या वेळेत अख्खा सदरा होत असे, नंतर एक बाही, नंतर बाहीची एक घडी. डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या, वाढवून पाहिल्या. वाढवल्या की मान आणि खांदे वळवळायला लागायचे. बाई ब्रश ओला करून बसायच्या, हात यायची वाट बघत, आणि ब्रश वाळून जायचा. एकदा मी गेले तर काका त्यांचं कोपर टेबलाला बांधत होते. कंडक्टरकीच्या काळातल्या चामडी पिशवीचा पट्टा होता. काका बांधत होते आणि बाई ओरडत होत्या, "घट्ट बांधा ना! चोराले बांधल्यावानी बांधा!" काकांचे डोळे भरलेले, आणि ते म्हणत होते, "बांधून राह्यलो, माय, बांधून राह्यलो." दुसऱ्या वेळी बाईंनी तो हात टेबलाच्या कडेवर आपटला. पुन्हा पुन्हा. मी धरायला धावले तर मला म्हणाल्या, "सरक तिकडे. हे माह्यं अन् याचं हाय."

मी म्हटलं, "बाई, सोमाचे डोळे मी रंगवू? तुम्ही सांगाल तसे. माझा हात समजा."

"तुहा हात तुह्यासाठी हाय. पत्रकं लिव्ह."

त्याच दिवसांत मी खरंच एक पत्रक लिहून नेलं. सोमावर. माझ्या मते जोरदार होतं. साम्राज्याच्या तोफांना चारा म्हणून फेकलेला आदिवासी, त्याच्या रक्ताचा हिशेब, वगैरे. मेळाव्यात वाटायचं होतं. शेवटी बाईंच्या रंगवलेल्या मूर्तीचा फोटो टाकायचा होता. बाईंनी ते काकांकडून वाचून घेतलं. ऐकून झाल्यावर कागद काकांच्या हातातून घेऊन टेबलावर पालथा ठेवला.

"चुकीचं आहे का काही, बाई?"

"नाई. सगळं खरं हाय."

"मग?"

"त्याले एकदा नेलं वं बाई भरती करून. आता तू बी नको नेऊ."

मी ते पत्रक छापलं नाही. अजून माझ्याकडे आहे. त्यातली वाक्यं मला आजही पटतात, आणि बाईंचंही पटतं. या दोन्हींचं काय करायचं ते मला ठाऊक नाही.

डोळे राहिले होते. बाकी सगळा माणूस तयार, आणि भुवयांखाली दोन रिकामे खळगे. उजवा डोळा एका सकाळी झाला. डाव्याच्या वेळी हात उसळला आणि डोळ्यापासून कानापर्यंत काळी रेघ गेली. पुसताना गालाचा रंगही निघाला. मग पुन्हा गाल, पुन्हा काकांचा हात टेबलावर, पुन्हा डोळा. असं किती वेळा झालं हे मी मोजलं नाही. उन्हाळा लागला. आणि एका सकाळी काकांचा फोन आला. ते नुसतंच म्हणाले, "ये."

मी गेले. सोमा बघत होता. समोर नाही. किंचित खाली आणि बाजूला, दोराच्या टोकाकडे, जनावराच्या डोळ्यांकडे माणूस बघतो तसा. बाई खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या. घामाने चिंब. त्या हाताने त्यांनी नंतर चमचाही नीट धरला नाही. तो डोळा त्यांच्या हाताचं शेवटचं काम होतं हे आम्हा तिघांना तिथेच कळलं होतं.

आता राहिला होता फक्त वरून मारायचा पारदर्शक थर. तो मारला नाही तर बोट लागेल तिथला रंग निघेल, असं नागपूरच्या गृहस्थांनी बजावलं होतं आणि फवाऱ्याचा डबाही पाठवला होता. अंगणात मारू नका, या उन्हात थेंब हवेतच वाळून भुकटी होते, घरात मारा, असंही सांगितलं होतं. सांगितलं त्याप्रमाणे बाईंनी घरात मारायचं ठरवलं. डबा दाबायला बारीक हात लागत नाही. थरथरता अंगठाही चालतो. तो दिवस असा होता की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. फवाऱ्याला उग्र वास. काकांना वाटलं बाईंचा जीव गुदमरेल. त्यांनी कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, वाळ्याच्या ताट्या भिजवल्या, आणि कूलरचं तोंड बाईंकडे वळवून बटण दाबलं. आमच्याकडे बायकोवर प्रेम असलेला कुठलाही माणूस मे महिन्यात हेच करतो.

बाईंनी दोन्ही अंगठ्यांनी डबा दाबला. आम्ही वाळायची वाट बघत बसलो. आणि आमच्या डोळ्यांदेखत सोमा पांढरा होत गेला.

आधी वाटलं ओल आहे, उडून जाईल. पण वाळत गेलं तसतसं धुकं दाट झालं. फेटा, सदरा, कातडी, सगळ्यावर पिठूळ पांढरी साय. काकांच्या हातावरून शोधलेला रंग गेला. डोळे गेले. काका मूर्तीकडे बघायचे, मग कूलरकडे, मग पुन्हा मूर्तीकडे. त्यांना बहुतेक आधी कळलं. त्यांनी उठून बटण बंद केलं. एवढ्या आवाजानंतर ती खोली इतकी शांत झाली की मला तिथे बसवेना.

"मी लावला," काका म्हणाले. "कमल, मीच लावला कूलर."

बाईंनी फवाऱ्याचा डबा टेबलाखाली ठेवला.

माझ्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. मी आयुष्यभर कुणाच्या तरी विरुद्ध उभी राहत आले आहे. साहेब असतो, सरकार असतं, मालक असतो. त्याचं नाव लिहायचं, त्याच्या दारात बसायचं. त्या दुपारी मी अख्ख्या खोलीत शत्रू शोधला, आणि मला सापडला तो बायकोला गार वारा मिळावा म्हणून झटणारा एक म्हातारा. त्या आजाराच्या दारात कसं बसायचं? कुणाला निवेदन द्यायचं?

मी बाहेर जाऊन नागपूरला फोन लावला. ते गृहस्थ म्हणाले, दमट हवेनं असं होतं. सगळा रंग काढून पुन्हा रंगवणं हा खात्रीचा उपाय. मी म्हटलं, ते शक्य नाही. त्यांनी थोडा विचार केला. म्हणाले, कधीकधी वाळणारं तेल अगदी पातळ चोळलं तर धुकं उतरतं. जवसाचं चालेल. पण हलक्या हाताने आणि बराच वेळ. नेहमी उतरतंच असं नाही.

जवसाचं तेल आमच्याकडे शोधावं लागत नाही. काकांनी स्वयंपाकघरातून वाटी आणली, कापसाचा बोळा केला, तेलात बुडवला.

"तुमी नोको," बाई म्हणाल्या.

"अवं, पण तुहा हात..."

"धरा त्याले फक्त."

काकांनी बाटली दोन्ही हातांनी धरली. बाईंनी उजव्या हाताचं बोट वाटीकडे नेलं. वाटी खणखणली, तेल टेबलावर सांडलं, पण बोट भिजलं. मग ते बोट हवेत इकडेतिकडे भरकटत सोमाच्या तोंडापर्यंत आलं. बोटाचं पेर कपाळावर टेकलं. बाईंनी ते स्थिर ठेवायचा प्रयत्न केला नाही. ते स्वतःच पुढेमागे, पुढेमागे, बारीक आणि न थांबता हलत राहिलं. इतक्या हलक्या हाताने आणि इतका वेळ मला तरी चोळता आलं नसतं.

आधी फेट्याची कड दिसली. मग कपाळाचा रंग. मग उजवी भुवई, तिच्याखाली उजवा डोळा, ओला, खाली वळलेला. नाकाच्या डावीकडचा चेहरा मात्र तसाच पांढरा होता.

"पाहून राह्यला का?" बाईंनी मला विचारलं. चष्मा घामाने भरला होता, त्यांना स्वतःला नीट दिसत नव्हतं.

खोटं बोलावंसं वाटलं. त्यांच्यापुढे ते जमलं नसतं. "एका डोळ्यानं, बाई."

"अन् दुसरा?"

"अजून नाही."

त्यांनी बोट सरकवलं. शेवटची बस चुकेल म्हणून मला निघावं लागलं. ती आमची अखेरची भेट ठरेल हे तेव्हा ठाऊक नव्हतं, असतं तर मी चालत गेले असते. दाराशी चप्पल घालताना मी काकांना ऐकलं, "थकली असशीन. थांबवू का?"

"हात थांबते का थो?" बाई म्हणाल्या. "राहू द्या."

मी वळून पाहिलं. कूलर बंदच होता. दोघंही घामाने निथळत होते. काकांनी बाटली पोटाशी घट्ट धरली होती, आणि बाईंचं बोट सोमाच्या डाव्या डोळ्यावर हलत होतं.